काखेतल्या गाठींचं आधी विचारा
(लोणी, ता. आंबेगाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)

बायांनो, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की डॉक्टरांना विचारा, काखेतल्या गाठी तपासल्या का? रोग पसरतो तो बहुधा आधी तिथं. नुसत्या हाताला सगळ्या गाठी लागत नाहीत. म्हणून काखेची सोनोग्राफी, आणि गाठ संशयास्पद दिसली तर सुईची तपासणी. (आपण लढलो ते गर्भलिंगनिदानाविरुद्ध, सोनोग्राफीच्या यंत्राशी आपलं वैर नाही.)

सुईत काही निघालं नाही तरी ऑपरेशनच्या वेळी थोड्या गाठी काढून बघतात. काखेच्या खालच्या भागातल्याच गाठी काढून तपासायची साधी पद्धत मुंबईच्या टाटा रुग्णालयानं पारखली, 2013 साली निष्कर्ष छापले. सगळी काख साफ केली तर हात कायमचा सुजू शकतो. खुरपणारीला, धार काढणारीला तो हात हवा. रोग पसरला असेल तर साफ करावीही लागेल; पण का, ते ऑपरेशनच्या आधी सांगा, आणि नवऱ्याच्या आधी तिला सांगा.