शैवलांची वंशावळ : रूपाची साक्ष आणि रेणूंची साक्ष



समुद्रकाठच्या खडकांवर वाढणाऱ्या हिरव्या शैवलांत दोन रूपे सहज ओळखू येतात. एक पानासारखे पसरट असून पेशींच्या दोन थरांचे बनलेले असते. दुसरे पोकळ नळीसारखे असून नळीची भिंत एकाच थराची असते. लिनीअसने १७५३ मध्ये या दोन्हींना ‘उल्वा’ या एकाच प्रजातीत स्थान दिले होते. १८२० मध्ये लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने नळीदार जाती वेगळ्या काढून त्यांना ‘एंटेरोमॉर्फा’, म्हणजे आतड्यासारख्या आकाराची, असे नाव दिले. ही विभागणी १८० वर्षांहून अधिक काळ रूढ होती. मात्र धड ना पान, धड ना नळी, असे नमुनेही अधूनमधून आढळत आणि अभ्यासक बुचकळ्यात पडत.

या वादाचा निर्णय डीएनएने केला. डीएनएच्या रेणूत चार प्रकारचे क्षारक विशिष्ट क्रमाने गुंफलेले असतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची नक्कल होताना क्वचित एखादी चूक होते आणि ती वंशजांकडे उतरते. जुन्या पोथ्यांच्या प्रतींतील समान चुका पाहून त्या कोणत्या मूळ प्रतीवरून उतरविल्या हे विद्वान ठरवितात. तशीच ही रीत आहे.

हेडन आणि सहकाऱ्यांनी पेशीकेंद्रकातील व हरितलवकातील अशा दोन्ही ठिकाणच्या क्षारकक्रमांची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पानांची एक शाखा व नळ्यांची दुसरी, अशी वंशावळ निघालीच नाही. दोन्ही रूपांच्या जाती एकमेकींत मिसळलेल्या होत्या. साहजिकच ‘उल्वा’ हे जुने नाव कायम राहिले.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. २००८ मध्ये ऑलिंपिकच्या नौकाशर्यतींपूर्वी चीनमधील चिंगदाओचा समुद्र नळीदार ‘उल्वा प्रोलिफेरा’ने झाकून गेला. रूप फसवे असल्याने केवळ डोळ्यांनी जात ठरविणे धोक्याचे होते. उपग्रहचित्रे आणि क्षारकक्रम यांच्या साहाय्याने संशोधकांनी त्याचा माग दक्षिणेकडील जिआंग्सू किनाऱ्यावरच्या खाद्य शैवलाच्या शेतीपर्यंत काढला.

मग लिनीअसची दृष्टी अचूक होती काय? तसे म्हणता येत नाही. त्याच्या ‘उल्वा’त आज ‘पॉर्फिरा’ म्हणून ओळखले जाणारे लाल शैवलही होते. लाल आणि हिरव्या शैवलांचे वंश तर शंभर कोटी वर्षांपूर्वीच विभक्त झालेले आहेत. बाह्य रूपाच्या एकाच कसोटीने त्याने सख्ख्या भावंडांना एकत्र ठेवले आणि परक्यालाही त्यांच्याच पंक्तीला बसविले. यांपैकी सख्खे कोण आणि परके कोण, हे रेणूंच्या साक्षीने स्पष्ट झाले.