कार्ड म्हणजे दाखला नव्हे

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ पासून पाळला जातो. त्यानिमित्त वर्गात माजी सैनिकांसाठी कार्डं बनवायची असतील, तर आपल्या लहान भावंडांनीही जरूर बनवावीत. लाल, गडद निळा, फिकट निळा हे तिन्ही दलांचे रंग त्यांना दाखवा. पण "आपली देशभक्ती दिसली पाहिजे," असं सांगू नका. ब्रिगेडियर उस्मान १९४८ मध्ये आणि अब्दुल हमीद १९६५ मध्ये शहीद झाले, ते कुणाला पुरावा देण्यासाठी नव्हे. कार्ड म्हणजे शुक्रिया. मोहल्ल्यात एखादे माजी सैनिक असतील, तर मुलांना त्यांच्याकडे घेऊन जा. आधी त्यांचे अनुभव ऐकू द्या. मग घोषणा नको, मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या.