जस्त आणि आपली त्वचा

जस्त म्हटलें कीं डोळ्यांपुढें बादली किंवा छपराचा पत्रा येतो. लोखंडास गंज चढूं नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देतात, हें आपण जाणतांच. परंतु आपल्या कातडीचें रक्षणहि तोच धातु करतो. प्रौढ देहांत जस्त अवघें दोन-तीन ग्रॅम असतें. तरी त्यावांचून त्वचेंत नव्या पेशी नीट निपजत नाहींत व जखमा लवकर भरून येत नाहींत.

१९४२ सालीं नॉर्वेमधील डानबोल्ट व क्लॉस यांनीं एका बालरोगाचें वर्णन केलें. अंगावरचें दूध तुटलें कीं मुलाच्या तोंडाभोंवतीं व हातापायांवर फोड उठत, केस गळत, अतिसार जडे. कित्येक मुलें दगावत. खरें कारण तीस वर्षें उमगलें नाहीं. १९७४ सालीं लंडनच्या मॉयनाहान यांनीं तें दाखवून दिलें : या मुलांच्या आंतड्यांस अन्नांतील जस्त पुरेसें शोषून घेतां येत नाहीं. आईच्या दुधांतील जस्त सहज शोषलें जातें. म्हणूनच दूध तुटेपर्यंत रोग दबून राही. जस्ताचा क्षार पोटांत देतांच व्रण भरूं लागले. मात्र हें औषध जन्मभर घ्यावें लागतें.

जस्तभस्माचें, म्हणजे झिंक ऑक्साइडचें, मलम तान्ह्या मुलांच्या चट्ट्यांवर आजहि लावतात. पण पोटांत घेण्याचें जस्त कोणीं आपल्या मनानें घेऊं नये. अति झाल्यास शरीरांत तांब्याची उणीव पडते.

बादलीवरून ज्याची किंमत आपण करतों, त्याच्या कणभर उणिवेपायीं कित्येक पाळणे रिते होत होते, एवढें ध्यानीं ठेवावें.