युद्ध तिकडं, तेलाचा डबा इकडं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

दुपारची भांडी आवरून, शेवया-पापड वाळत घालून तुम्ही रेडिओ लावला असेल. पहिल्या पाळीला गेलेल्या मुली अजून कंपनीच्या बसमध्ये असतील. त्यांना सांगा, आजचं बोलणं त्यांच्याही कामाचं आहे.

आज मी युद्धाबद्दल बोलणार आहे. दोन शेजारी देश भांडतात तेव्हा बाहेरचे देश काय करतात, आणि त्याचा आपल्या चुलीशी काय संबंध, हा विषय. तुम्ही म्हणाल, हे टीव्हीवाल्यांचं काम. मलाही तसंच वाटायचं. पण २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या गटात एक गोष्ट घडली, आणि माझं मत बदललं.

आमचा गट चाकणच्या बाजूचा. बारा बायका. आम्ही एका कंपनीच्या कँटीनला शेव आणि चिवडा पुरवत होतो. भाव वर्षाचा ठरवलेला, तोही तोंडी. तेल आणायचं काम आमच्यातल्या एकीकडे, तिला आपण ताई म्हणू. मार्च महिन्यात ताईनं सूर्यफूल तेलाच्या डब्याचं बिल आणलं, ते आधीच्यापेक्षा तीन-चारशे रुपयांनी जास्त. पुढच्या खेपेला आणखी जास्त. बैठकीत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, दुकानदार तिच्या नात्यातला आहे. दुसरी म्हणाली, बिल वाढवून आणलं असेल. ताईनं सांगितलं, "अहो, दुकानदार म्हणतो लढाई सुरू आहे म्हणून." त्यावर सगळ्या हसल्या. लढाई कुठं आणि आमची कढई कुठं! ताई रडत घरी गेली आणि दोन बैठकांना आलीच नाही.

ताई खरं बोलत होती. ते कसं, ते आज सांगते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं शेजारच्या युक्रेनवर हल्ला केला. आपण जे सूर्यफूल तेल बाहेरून आणतो, त्याचा मोठा भाग याच दोन देशांतून येत होता. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली, जहाजं अडकली. मग लोक पामतेलाकडे वळले. त्याचा भाव चढला, तेव्हा इंडोनेशियानं २८ एप्रिलला आपलं पामतेल बाहेर पाठवणंच बंद केलं. मे महिन्याच्या तेवीस तारखेपर्यंत ती बंदी होती. इंडोनेशिया त्या भांडणात कुठंच नव्हता, पण आपल्या लोकांना तेल पुरावं म्हणून त्यानं दार लावून घेतलं आणि आपल्याकडचा डबा महागला.

आता गावातलं उदाहरण घ्या. बांधावरून दोन घरांचं भांडण जुंपतं, एक दांडगाईनं दुसऱ्याच्या रानात घुसतो. तेव्हा बाकीचे गावकरी काय करतात? कोणी पंचायतीत बोलतो, कोणी गप्प बसतो. कोणी मागच्या दारानं काठी देतो. कोणी म्हणतो, याला दुकानातून उधारी बंद. कोणी अडचणीतल्या माणसाचा माल स्वस्तात उचलतो. कोणी मध्यस्थी करतो. आणि एखादी माउली त्या घरची घाबरलेली पोरं आपल्या घरी आणून जेवू घालते. देशांचंही असंच चालतं.

पहिली पंचायत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ मार्च २०२२ ला ठराव आला, की रशियानं सैन्य मागं घ्यावं. १४१ देशांनी बाजूनं मत दिलं, ५ देशांनी विरोधात, ३५ तटस्थ राहिले. आपला भारत तटस्थ राहिला. रशियाशी जुनी मैत्री, त्याच्याकडून घेतलेली शस्त्रं आणि युक्रेनमध्ये अडकलेली आपली मुलं, हे सगळं त्या वेळी समोर होतं. डॉक्टरकीला गेलेली आपल्या महाराष्ट्रातली मुलंही त्यांत होती. 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेत साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले. कर्नाटकातला एक विद्यार्थी मात्र खारकीव शहरात मारला गेला.

दुसरी गोष्ट शस्त्रांची. अमेरिका आणि युरोपच्या देशांनी युक्रेनला शस्त्रं आणि पैसा दिला, पण आपलं सैन्य लढायला उतरवलं नाही. दोन्ही बाजूंना अणुबॉम्ब असलेल्यांची समोरासमोर गाठ पडली तर काय होईल, ही भीती होती.

तिसरी गोष्ट आर्थिक निर्बंधांची, म्हणजे दुकान आणि उधारी बंद. रशियाच्या काही बँकांना परदेशी पैशांच्या व्यवहारातून बाहेर काढलं. अनेक कंपन्यांनी तिथलं काम थांबवलं. आपल्या चाकणला ज्यांचे कारखाने आहेत त्या फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांनीही रशियातलं उत्पादन बंद केलं.

इथं हार्नेसच्या लाइनवर काम करणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट सांगते. गाडीतल्या वायरींचा जो जुडगा तुम्ही बोर्डावर बांधता, तसेच जुडगे पश्चिम युक्रेनमधल्या कारखान्यांत तयार होऊन युरोपला जात होते. युद्ध सुरू झालं, जुडगे पोचेनात, आणि जर्मनीतल्या फोक्सवॅगनच्या मोठ्या कारखान्याची लाइन थांबली. एवढी महागडी गाडी, पण वायरींवाचून अडली. तुमच्या हातच्या कामाची किंमत किती, ते यावरून कळतं. आणि धोकाही कळतो. माझी धाकटी जाऊ तेव्हा एका लहान कारखान्यात कंत्राटी होती. परदेशी ऑर्डर थांबली म्हणून कॉन्ट्रॅक्टरनं तिला ब्रेक दिला, तो दोन महिन्यांचा. घराचे हप्ते चालू आणि ओटी तर सोडाच, पगारच नाही. युद्धात तिचा कोणीच शत्रू नव्हता.

चौथी गोष्ट स्वस्त मालाची. युरोपनं ५ डिसेंबर २०२२ पासून समुद्रमार्गे येणारं रशियाचं कच्चं तेल घेणं बंद केलं, आणि पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली. रशियाला गिऱ्हाईक हवं होतं, आपल्याला तेल हवं होतं. युद्धाआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा शंभरात दोनसुद्धा नव्हता, पुढे तो एक तृतीयांशाच्या वर गेला. पंपावर मात्र २०२२ च्या पावसाळ्यापासून मार्च २०२४ पर्यंत भाव जवळजवळ हलला नाही, मग दोन रुपयांनी उतरला. स्वस्त तेलाचा फायदा घराघरांत किती पोचला, हा प्रश्न आपण विचारायला हरकत नाही. आणि त्या खरेदीचा राग म्हणून अमेरिकेनं २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बऱ्याच मालावर २५ टक्के जादा कर लावला. आधीचा धरून तो ५० टक्के झाला. म्हणजे काठी एकीकडे उगारली, वळ दुसरीकडे उठला.

खतांचंही तसंच. पालाश आणि इतर खतं आपण बाहेरून घेतो, त्यांत रशिया आणि त्याचा शेजारी बेलारूस मोठे. जगात भाव भडकले. सरकारनं अनुदान वाढवलं, २०२२-२३ मध्ये ते अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. म्हणून डीएपीची गोणी १३५० रुपयांवर थांबली. पण ते पैसेही शेवटी आपल्याच खिशातले.

आता आपल्याकडेही बोट दाखवू या. १३ मे २०२२ ला भारतानं गव्हाची निर्यात बंद केली. उन्हाच्या झळांनी पीक मार खाल्लेलं, घरचं आधी बघायचं होतं. पण ज्या देशांची आपल्या गव्हावर आशा होती, त्यांच्या चुलीपुढं बसलेल्या बाईनं आपल्याबद्दल तेच म्हटलं असेल, जे आपण इंडोनेशियाबद्दल म्हटलं. निर्यातबंदीचा चटका आपल्या चाकणच्या कांदेवाल्यांना चांगला ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ पासून पाच महिने कांद्याची निर्यात बंद होती, तेव्हा वखारीतला कांदा बघून कितींना झोप लागली नाही.

पाचवी गोष्ट मध्यस्थीची. तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांनी मध्ये पडून २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये करार घडवला. युक्रेनच्या तीन बंदरांतून धान्याची जहाजं सुखरूप जाऊ द्यायची, असं ठरलं. लढाई चालूच होती, तरी वर्षभरात जवळपास ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं. १७ जुलै २०२३ ला रशिया त्यातून बाहेर पडला आणि करार संपला. पण एक शिकायला मिळालं. सगळं भांडण मिटत नसलं, तरी ताटातल्या घासापुरतं मिटवता येतं.

आणि शेवटची ती माउली. युक्रेनमधून लाखो लोक शेजारच्या देशांत गेले. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला मनाई होती, म्हणून त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. पोलंडसारख्या देशांत लोकांनी स्टेशनवर जाऊन त्यांना घरी आणलं.

आपल्याला हे नवीन नाही. पिंपरी कॅम्पात आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो, पण त्याला कॅम्प का म्हणतात? फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांची ती छावणी होती. आणि ज्यांचं वय साठीपुढं आहे त्यांना १९७१ आठवत असेल. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्यांच्यासाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. त्या वेळी बाहेरच्यांनी काय केलं? आपण ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी, म्हणजे त्या वेळच्या रशियाशी, मैत्रीचा करार केला. अमेरिका आणि चीन पाकिस्तानच्या बाजूला होते. डिसेंबरात युद्ध पेटलं. ७ डिसेंबरला आमसभेत युद्धबंदीच्या ठरावाला १०४ मतं पडली, विरोधात ११, त्यांत आपण. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरला. अमेरिकेनं आपल्या सातव्या आरमाराची जहाजं बंगालच्या उपसागराकडे पाठवली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं आणि बांगलादेश उभा राहिला. एका वेळी आपण बांधावरचे असतो, दुसऱ्या वेळी पंचायतीतले. दोन्ही जागा आठवल्या की बोलणं जरा सांभाळून होतं.

आता आमच्या गटाचं पुढं काय झालं ते सांगते. आम्ही दोघी-तिघींनी राजगुरुनगरला आणि भोसरीला जाऊन चार दुकानांत भाव विचारले. सगळीकडे तोच भाव. एका दुकानात तर ताईच्या बिलापेक्षा जास्त. मग आम्ही ताईच्या घरी गेलो आणि माफी मागितली. ती लगेच काही बोलली नाही. चहा केला. पुढच्या बैठकीला आली. पण ते दोन महिने तिला जे सोसावं लागलं, ते आम्हाला परत देता येत नाही.

तेव्हापासून आम्ही काही नियम केले. ऑर्डर घेताना भाव कागदावर लिहायचा, आणि तेल अमुक इतकं वाढलं तर भाव पुन्हा ठरवू, हे त्यातच लिहायचं. मोठ्या खरेदीला दोघींनी जायचं, तीन दुकानांचा भाव वहीत टिपायचा. नफ्यातून थोडी गंगाजळी बाजूला ठेवायची, ज्या बहिणीला कंपनीतून ब्रेक मिळेल तिचा हप्ता तेवढ्यात निभावतो. रानात माती तपासूनच खत टाकायचं. आणि मोबाइलवर आलेली युद्धाची चित्रं खात्री केल्याशिवाय पुढं ढकलायची नाहीत.

युद्ध थांबवणं आपल्या हातात नाही. पण त्याची झळ आली की ती शेजारणीच्या माथी मारायची नाही, एवढं नक्की हातात आहे. तुमच्या गटात अशी एखादी ताई गप्प बसली असेल, तर आज संध्याकाळी तिच्या दारात जाऊन या.