कारखान्याची नवी घडी आणि शेवटचा कामगार



आजचा विषय थोडा रूक्ष आहे. पण आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांची चूल भुसावळच्या रेल्वेवर, दीपनगरच्या वीजकेंद्रावर किंवा आयुध निर्माणीवर पेटते. आयटीआयची मुलेही उद्या तिकडेच जाणार आहेत. म्हणून कारखान्याची घडी बदलते तेव्हा काय होते, हे समजून घेतले पाहिजे.

उदाहरण घरचेच घेऊ. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशातील 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भुसावळची निर्माणी यंत्र इंडिया कंपनीकडे गेली आणि शेजारची वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे. हा तंटा एका दिवसात उद्भवलेला नव्हता. ऑगस्ट 2019 मध्ये वेगवेगळ्या विचारांच्या कामगार महासंघांनी एकत्र येऊन संप केला. सरकारने समिती नेमली आणि आठवड्याभरात संप स्थगित झाला. पुढे जून 2021 मध्ये मंत्रिमंडळाने कंपन्या करण्याचा निर्णय घेतला. संघटनांनी बेमुदत संपाची हाक देताच 30 जूनला संपबंदीचा वटहुकूम आला. कामगारांना प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानून त्यांचा केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा प्रथम दोन वर्षांसाठी कायम ठेवला गेला. ती मुदत नंतर वाढविण्यात आली.

दर्जा टिकला, हे आमच्या मते त्या एकजुटीचे फळ आहे. पण संप बेकायदा ठरवून जी शांतता मिळते तिला आम्ही तडजोड म्हणणार नाही. 1938 साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवाद विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी हाच मुद्दा धरला होता. संप करणे हा गुन्हा ठरवला, तर माणसाला मनाविरुद्ध राबवून घेणे होते, आणि ती गुलामीच होय, असे त्यांचे म्हणणे होते. त्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला.

परंतु संघटनेलाही आरशात पाहावे लागते. त्यासाठी आपण आणखी दहा वर्षे मागे जाऊ. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत मालकांनी कामाची नवी रीत आणली. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, म्हणजे माणसे कमी लागतील, असा हिशेब होता. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली व संप मिटला.

आता ज्या साचाखात्यावरून एवढे रण पेटले, त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेशच नव्हता. कारण काय, तर धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. साचाखात्यात पगार जास्त मिळे, हे वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना सांगितले की, ही बंदी उठविण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांना आम्ही संपापासून दूर राहायला सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. वाटाघाटीत मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मित्रहो, ते उत्तर ऐकताना युनियनच्या पुढाऱ्यांची मान खाली गेली असेल की नाही, आम्हांस ठाऊक नाही. जायला हवी होती.

यातून एक गोष्ट आजही लागू पडते. कामगार कमी करताना त्या प्रवर्गात शेवटी आला तो आधी जातो, असा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. नियम दिसायला सरळ आहे. पण ज्याला खात्याचे दारच उशिरा उघडले, तो यादीत तळालाच असणार. आणि कंत्राटदाराकडचा माणूस? त्याचे नाव तर यादीतच नसते. भुसावळ-वरणगावच्या कामगारांना मिळालेली हमीसुद्धा सरकारी कर्मचाऱ्यांपुरती होती. झाडूवाला, हमाल, कॅन्टीनचा पोरगा यांच्यासाठी वाटाघाटीच्या टेबलाशी कोण बसते, हे प्रत्येक युनियनच्या सभासदाने आपल्या पुढाऱ्याला विचारावे.

कायद्याचे थोडेसे सांगतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1956 साली कलम 9-अ घातले गेले. पाळ्या, वेतन, यंत्रसामग्री किंवा माणसांची संख्या यांत कामगाराला झळ पोचणारा बदल करायचा, तर मालकाने 21 दिवस आधी नोटीस द्यावी, असे ते कलम होते. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत ही मुदत राहिली. मात्र कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर नेली गेली. लहान कारखान्यातील आपल्या पोरांना म्हणूनच ते 21 दिवस मोलाचे आहेत. बहुतेक वेळा नोटीस फळ्यावर लागते, लोक तिच्यापुढून डबा घेऊन जातात, आणि मुदत संपल्यावर धावाधाव होते.

सभा संपल्यावर आम्ही इथेच थांबणार आहोत. कोणाच्या घरी अशी नोटीस आली असेल तर ती घेऊन यावी. इंग्रजीत असली तरी चालेल, मिळून वाचू.