‘शेक’ म्हणजे शेक नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कर्करोगावर किरणांचा उपचार घेणाऱ्या बाईविषयी आपल्याकडे “तिला शेक चालू आहेत” असे म्हणतात. शब्द सोयीचा खरा, पण त्याने घोटाळा होतो. शेक म्हटला की ऊब आली. आणि बरे वाटू लागले की ऊब चार दिवस आधी थांबवली तरी चालते, असे आपण धरून चालतो.

या किरणांत ऊब जवळजवळ नसतेच. सर्व शरीराला एकदम ४ ग्रे इतकी मात्रा मिळाली, तर उपचारावाचून निम्मी माणसे दगावतात. पण तेवढ्याने अंग तापते ते एका अंशाच्या हजाराव्या भागाइतके! मग माणूस मरतो कशाने? किरण पेशीत शिरला की तेथील अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतो. पेशीत मुख्यतः पाणी. त्याचे फुटलेले कण शेजारच्या वस्तूंवर तुटून पडतात. पेशीच्या गाभ्यात तिचा सारा वारसा सांभाळणारा डी.एन.ए.चा दुपदरी धागा असतो. एक पदर तुटला तर दुसऱ्याकडे पाहून पेशी तो सांधून घेते, गोधडीचा उसवलेला टाका आपण घालतो तसा. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर सांधा चुकतो, आणि अशी पेशी बहुधा दुभंगण्याच्या वेळी मरते.

चुकीचा सांधा बसूनही ती जगली, तर तिचा गुण बदलतो. त्यातून पुढे कधी कर्करोग उद्भवतो. बियाण्यात मात्र क्वचित हिताचेही निघते. आपल्याकडचा ‘टीएयू-१’ उडीद, म्हणजे ‘ट्रॉम्बे अकोला उडीद’, असाच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात किरण देऊन निवडलेल्या वाणाचा संकर करून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर तो तयार झाला आणि १९८५ साली शेतकऱ्यांना मिळाला. त्या उडदाच्या पापडात किरण नसतात, हे कुणी विचारण्याआधीच सांगून टाकते.

सतत दुभंगणाऱ्या पेशींना मार लवकर बसतो : केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर. म्हणून डोक्याला किरण दिले तर केस जातात, छातीला दिले तर डोक्यावरचे जात नाहीत. (शेगाव तालुक्यात २०२४ च्या अखेरीस केस गळू लागले, त्याचा किरणांशी संबंध नाही, तेथे रुग्णांच्या तपासणीत सेलेनियम जास्त आढळले.)

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात साधारण २५ वेळा, आठवड्यातून पाच दिवस, बाहेरून किरण देतात आणि पुढे आतून देतात. रोज थोडे, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत निरोगी पेशी आपले धागे सांधून घेतात. रोगट पेशींना ते तितके नीट साधत नाही. पण मध्ये दहा दिवस घरी राहिले, तर उरलेल्या रोगट पेशींना वाढायला सवड मिळते. सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत उरकावा, असे डॉक्टर म्हणतात ते याकरिता. त्यात जुलाब, जळजळ हा त्रास सुरू होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. नेमकी तेव्हाच घरी सोयाबीनची सोंगणी येते, नाहीतर कुणाचे लग्न, आणि बाई परत फिरते.

बाहेरून यंत्राने किरण घेतलेल्या बाईच्या अंगात काही उरत नाही. तिचे ताट वेगळे करू नका, नातू खुशाल तिच्या मांडीवर द्या. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना काही दिवस दूर राहण्यास डॉक्टरच सांगतात.

खरी अडचण पाच-सहा आठवडे परगावी राहण्याची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. मलकापूर, शेगावहून दोन्हीकडे रेल्वे जाते. राहिला प्रश्न सोबतीचा. आठवड्याआड एकेकीने जावे, अशी पाळी मंडळाने लावून द्यावी. आणि मागे तिच्या घरची गुरे, मुले कोण पाहील, तेही त्याच बैठकीत ठरवावे.