कोळसा कोणी संपवला?

(व्याख्यानाची संपादित संहिता)



अमेरिकेच्या राजकारणात गेली दहा-बारा वर्षे कोळसा आणि नैसर्गिक वायू या दोन इंधनांवरून जे रण माजले आहे, त्याचे वृत्तान्त आपल्याकडे तुटक तुटक येतात. कधी खाणकामगार शिरस्त्राण घालून प्रचारसभेत नेत्याच्या पाठीशी उभा दिसतो, तर कधी गॅसच्या शेगडीच्या रक्षणासाठी तेथील लोकप्रतिनिधिगृहाने विधेयक संमत केल्याची बातमी येते आणि वाचक हसून पान उलटतो. वस्तुतः प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दोन्ही पक्षांनी या इंधनांविषयी आपापल्या अनुयायांना जे सांगितले, त्यात सत्य किती होते, हा प्रश्न आहे. कारण त्याची किंमत नेत्यांनी मोजली नाही, ती मोजली खाणीत उतरणाऱ्यांनी.

प्रथम कोळशाचा विचार करू. २००५ साली अमेरिकेतील निम्मी वीज कोळशापासून होत असे. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले. १९८५ च्या सुमारास या उद्योगात पावणेदोन लाख माणसे काम करीत, आज ती चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात आहेत. हे कोणी केले? रिपब्लिकन पक्षाचे उत्तर तयार होते: ओबामांनी. ‘कोळशाविरुद्ध युद्ध’ ही घोषणा त्यातूनच जन्मली. हिलरी क्लिंटन यांनी मार्च २०१६ मध्ये या घोषणेच्या हाती आयतेच कोलीत दिले. ओहायोतील कार्यक्रमात ‘आपण अनेक खाणकामगारांना आणि कंपन्यांना धंद्याबाहेर काढणार आहोत’ अशा अर्थाचे वाक्य त्या बोलून गेल्या. त्या माणसांना विसरता कामा नये, हे त्यांचे पुढचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही.

परंतु ओबामांच्या ज्या योजनेवर इतका धुरळा उडाला, ती २०१५ ची ‘क्लीन पॉवर प्लॅन’ एक दिवसही अमलात आली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि जून २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात पर्यावरण यंत्रणेचे असे अधिकारच छाटले. गंमत अशी, की वीजक्षेत्रातील कर्बवायूचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ३२ टक्क्यांनी घटवण्याचे त्या योजनेचे २०३० चे उद्दिष्ट २०१९ मध्येच गाठले गेले होते. जो कायदा लागूच झाला नाही, त्याने कोळसा मारला असे म्हणणे हे तर्कशास्त्राला सोडून आहे. पाऱ्याच्या प्रदूषणासंबंधीचे नियम मात्र लागू झाले आणि त्यांमुळे काही जुनी केंद्रे लवकर बंद पडली, हे नाकारता येणार नाही. पण मूळ घाव वेगळाच होता.

तो घाव शेल खडकातून निघालेल्या गॅसचा. जमिनीखाली आडवे विंधन करायचे, पाणी-वाळूचा प्रचंड दाब देऊन खडक फोडायचा आणि त्यात कोंडलेला वायू बाहेर काढायचा, हे तंत्र टेक्सास-पेनसिल्व्हेनियात हाती आले. २००८ च्या उन्हाळ्यात बारा डॉलरच्या वर असलेला गॅसचा घाऊक भाव एप्रिल २०१२ मध्ये दोन डॉलरच्याही खाली घसरला. २०१६ मध्ये वीजनिर्मितीत गॅसने वर्षभराच्या हिशेबात कोळशाला प्रथमच मागे टाकले. पुढे वारा आणि सूर्य स्वस्त झाले, त्यांनी उरलेली कसर भरून काढली. ज्या पक्षाने आयुष्यभर मुक्त बाजारपेठेचे गुणगान केले, त्यालाच खाणकामगारांसमोर उभे राहून ‘तुमचा धंदा बाजारपेठेने बुडवला’ हे सांगणे जमले नाही.

पर्यावरणवाद्यांचे चारित्र्यही या प्रकरणात फारसे धुतल्या तांदळासारखे नाही. ‘सिएरा क्लब’ ही अमेरिकेतील जुनी व नामांकित संस्था. कोळशाविरुद्धच्या मोहिमेसाठी तिने २००७ ते २०१० या काळात गॅस उद्योगाशी संबंधितांकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक देणग्या घेतल्याचे २०१२ साली उघड झाले. संस्थेने पुढे तो मार्ग सोडला आणि गॅसलाही विरोध आरंभला, हे खरे. पण एका इंधनाच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या इंधनाविरुद्धच्या धर्मयुद्धाचा खर्च उचलावा, यातच सर्व काही आले.

या सगळ्याचे मूर्त रूप पाहायचे तर ॲरिझोनातील पेज गावाजवळच्या ‘नवाहो जनरेटिंग स्टेशन’कडे पाहावे. २,२५० मेगावॅटचे हे केंद्र नवाहो जमातीच्या भूमीवर सत्तरीच्या दशकात उभे राहिले. केयेंटा खाणीतून खास विजेवर धावणारी रेल्वे त्याला कोळसा पुरवी. त्या विजेवर चालणारे प्रचंड पंप कोलोरॅडो नदीचे पाणी वाळवंटातून फिनिक्स आणि टूसॉनपर्यंत चढवीत. शहरे फोफावली. आणि ज्यांची जमीन, ज्यांचा कोळसा, त्या नवाहोंच्या हजारो घरांत मात्र वीज नव्हती. उच्चदाबाच्या तारा त्यांच्या छपरांवरून जात आणि खाली रॉकेलचा दिवा जळे. तरीही केंद्रातल्या आणि खाणीतल्या बहुतेक नोकऱ्या त्यांच्याच मुलांना मिळत. शेजारच्या होपी जमातीच्या कारभाराचा तर बहुतांश खर्च कोळशाच्या स्वामित्वधनावर चाले.

फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे कोळशाचे पुनरुज्जीवन करू म्हणणारे ट्रम्प अध्यक्ष होऊन महिनाही उलटला नव्हता, तेव्हा केंद्राच्या मालक वीजकंपन्यांनी ते बंद करण्याचे ठरवले. कारण एकच होते, गॅसची वीज स्वस्त पडते. या केंद्रात खुद्द संघराज्य सरकारचा जवळपास चौथा हिस्सा होता! अंतर्गत मंत्रालयाने धडपड केली, ग्राहक शोधला, पण व्यवहार जुळला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र थांबले. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या ७७५ फुटी तीन चिमण्या सुरुंग लावून पाडण्यात आल्या. वॉशिंग्टनमध्ये तेव्हाही कोळशाचे मित्रच सत्तेवर होते. कोळशाच्या पतनाचे श्रेय घेणारेही पुष्कळ होते, पण होपींच्या रित्या तिजोरीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

या काळात खाणकंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या. पीबडी २०१६ मध्ये गेली, मरे एनर्जी २०१९ मध्ये. दिवाळखोरीच्या न्यायालयात पहिली कुऱ्हाड पडते ती निवृत्त कामगाराच्या वेतनावर आणि औषधपाण्यावर. सुमारे ९० हजार वृद्ध खाणकामगारांचा निवृत्तिवेतन निधी बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून कायदा करून तो वाचवला. या संपूर्ण वादातील हे बहुधा सर्वांत प्रामाणिक काम. साहजिकच त्यावर कोणी घोषणा रचली नाही.

आता गॅस. कोळसा हटला, तेव्हा त्याला हटवणाऱ्या गॅसकडे मोर्चा वळला. कॅलिफोर्नियातील बर्कले शहराने जुलै २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची नळजोडणी देण्यास बंदी केली. देशात हा पहिलाच प्रकार. उपाहारगृहांची संघटना न्यायालयात गेली. विजेच्या शेगडीवर चिनी कढईखालची धगधगती ज्योत कुठून आणायची, हा तिचा एक सवाल होता. (फुलका थेट आचेवर फुगवणाऱ्या तेथील मराठी गृहिणीलाही तो सहज पटला असता.) एप्रिल २०२३ मध्ये अपील न्यायालयाने १९७५ च्या संघीय ऊर्जा कायद्याच्या आधारे बंदी रद्द ठरवली आणि पुढच्या वर्षी बर्कलेने ती मागे घेण्याचे मान्य केले. मधल्या काळात वीसहून अधिक राज्यांनी उलटा कायदा केला: कोणत्याही नगरपालिकेने गॅसबंदी करायची नाही. स्थानिक स्वराज्याचे गोडवे गाणारा पक्ष इथे पालिकांचे हात बांधायला पुढे सरसावला, हेही नोंदवून ठेवावे. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये नव्या घरांसाठी बंदीचा कायदा केला खरा, पण उपाहारगृहांना वगळूनच.

जानेवारी २०२३ मधला शेगडीचा गदारोळ तर केवळ एका मुलाखतीतून उठला. ग्राहकसुरक्षा आयोगाच्या एका सदस्याने, घरातील हवेच्या प्रदूषणाचा विचार करता बंदीचाही पर्याय खुला असल्याचे सूचित केले. आयोगाच्या अध्यक्षांनी लगेच खुलासा केला, अध्यक्ष बायडेन यांचाही बंदीला पाठिंबा नसल्याचे सांगण्यात आले. तोवर उशीर झाला होता. सरकार स्वयंपाकघरात शिरत आहे ही भीती सामान्य कुटुंबाला कर्बवायूच्या आकड्यांपेक्षा शंभर पटींनी जवळची वाटते. ती चूल आहे. चुलीला हात लावणाऱ्याचे राजकारण कोणत्याच देशात सुखाने चालत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कोळशासाठी पुन्हा आदेश काढले. मे महिन्यात मिशिगनमधील कॅम्पबेल केंद्राला, ते बंद व्हायला अवघा आठवडा उरला असताना, चालूच राहण्याचा हुकूम ऊर्जा खात्याने सोडला. बंद करण्याचा निर्णय मालक कंपनीचाच होता. म्हणजे एका पक्षाने गॅस बंद करण्यासाठी कायद्याचा दंडुका उगारला, तर दुसऱ्याने कोळसा चालू ठेवण्यासाठी.

भारताचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. नोव्हेंबर २०२१ च्या ग्लासगो परिषदेत कोळशाचा वापर ‘संपवण्या’ऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी करण्या’चा शब्द भूपेंद्र यादव यांनी सुचवला, तेव्हा पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तोच शब्द काही दिवसांपूर्वी अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात आला होता, याची आठवण थोड्यांनीच ठेवली. मसुद्यात कोळशाचे नाव होते. अमेरिकेला ज्याने समृद्ध केले त्या तेलाचे आणि गॅसचे नव्हते. तो गॅस तर एन्रॉनच्या कटू स्मृती जपणाऱ्या आपल्या दाभोळलाच २०१८ च्या मार्चअखेरीस दीर्घकालीन कराराच्या पहिल्या जहाजातून उतरला. आणि मायदेशात गिऱ्हाईक आटलेला अमेरिकेचा कोळसा? २०२३ साली त्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक भारत होता. ॲपलाचियाच्या डोंगरातून निघालेला तो कोळसा आपल्याकडच्या वीटभट्ट्यांत जळतो आहे.